शंकरआप्पांचा एको

चहा घ्या, सांगतो. आमच्या घाटनांदूरच्या भजनी मंडळात शंकरआप्पा पुढं गायचे आणि आम्ही टाळकरी मागून म्हणायचो. आप्पांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहील की नाही, कुणी सांगेना. म्हणून आम्ही त्यांना अंबाजोगाईला सलीमच्या स्टुडिओत नेलं. त्यानं नुकतंच कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं होतं.

आप्पांनी भजन धरलं की कॉम्प्युटर अडखळून बंद पडायचा.

"आवाज सजवायचे प्लगइन लई झालेत, त्याला भार होतोय," म्हणत सलीम एकेक काढत गेला. एको काढला तसा कॉम्प्युटर सुरळीत चालला. सलीमचं तोंड मात्र उतरलं.

"एकोबिगर आवाज उघडा वाटंल, आप्पा."

"एको मंजी काय?"

"तुमी म्हणलेलं मागून परत ऐकू येतं."

आप्पांनी आमच्याकडं हात केला. "मग हे टाळकरी कावून आणलेत बे?"

कॅसेट झाली. ऑपरेशननंतर आप्पा गप्पच असायचे. देवळात आम्ही ती कॅसेट लावून मागून म्हणायचो. एका सोमवारी ओळ संपली, आम्ही तोंड उघडणार तोच आप्पांनी हात वर केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "थांबा. आज एको मी."