शेवंतीला अंधार पाहिजे

हॅलो?… हॅलो, कोण?… हां, वैशाली. बोल… थांब, पंखा बंद करते, घरघर करतोय मेला.

बकुळाबाईंनी पंखा बंद करून फोन दुसऱ्या कानाला लावला. मुलगा बुद्धभूषण गेल्यावर सून माहेरी, शीव कोळीवाड्याला राहायला गेली, पण चार दिवसांआड तिचा फोन चुकायचा नाही. पोरगी गुणाची, त्यात वादच नाही.

हो, जेवले… दुपारीच… काय जेवले ते कुठं लक्षात राहतंय आता. भात होता… हो, गोळी घेतली.

शेवंती? आहे की. पानं भरपूर आलीयत, नुसती मेथीच्या जुडीसारखी… कळी नाय गं. एकसुद्धा नाय. रोज एकेक फांदी उलटून बघते.

हो, मला ठाऊक आहे. बारा डिसेंबरला वर्ष होतं. भन्तेजींना सांगून ठेवलंय… नको. बाजारातली फुलं नकोत. बुद्धभूषणनं आणलेली कुंडी आहे. त्याच्या पुण्यानुमोदनाला हीच फुलं व्हायची… आणली तेव्हा कशी लगडली होती, आठवतंय ना? आणून आठवडा नाय झाला, आणि हा गेला.

वरच्या मजल्यावरचं पाणी गेलंय, हे सांगावं तशा सुरात बाई हे बोलल्या. दहा महिने त्यांचं सगळं असंच चाललं होतं. सोसायटीतले म्हणत, बकुळाबाई धीराच्या. कसला धीर नि कसलं काय! बाईंना आत काही जाणवतच नव्हतं.

हां, नर्सरीवाला काय म्हणाला?… ऊन नाय?… खतपण नाय?… अंधार? अगं, फुलझाडाला अंधार कशाला?… हो, हो… ऐकते, बोल… संध्याकाळी सहा ते सकाळी आठ. जरासुद्धा उजेड नाय… रात्र मोठी झाली असं झाडाला वाटलं पाहिजे, तेव्हा ते कळी धरतं… आणि दिवसा खिडकीत. आता सुरू केलं तर डिसेंबरात येतील. बरं.

अगं, पण… कुंडी बुद्धभूषणच्या फोटोखाली आहे ना. बल्बच्या उजेडात… हो, रात्रभर चालू असतो… मीच ठेवली तिथं. म्हटलं, फूल येईल ते त्याच्यासमोर यावं.

म्हणजे मीच अडवलं त्याला.

भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली मुलगा, आणि मुलाच्या डोक्यावर पिवळा बल्ब. तो लावल्यापासून एकदाही विझला नव्हता. करायला गेल्या एक नि झालं भलतंच.

नाय. बल्ब नाय बंद करणार… ते सांगू नकोस मला… चाळीत होतो तेव्हा गॅलरीतला दिवा जाळीतून आत यायचा, त्या उजेडात झोपायचा तो. अंधारात झोपच यायची नाय त्याला… ठाऊक आहे गं, आता त्याला काय त्याचं. पण माझ्याच्यानं नाय होणार.

किचनमध्ये? तिथं पॅसेजचा उजेड येतो, दारावरच्या काचेतून… खोका? वरून झाकायचा?… हां, हे जमेल. पण खोका कुठला? सगळे रद्दीवाल्याला दिले… एकच आहे.

तो नको… अगं, ऑफिसमधून आलेला. त्याच्या टेबलावरचं सामान… फेब्रुवारीत आला, हो… नाय उघडला… कशाला उघडू? त्यात डबा असणार.

बुद्धभूषण गेला त्या दिवशी वैशाली सकाळीच ड्युटीला गेली होती, त्यामुळे डब्याचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. बाईंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आज तोंडातून निघून गेलं.

त्या दिवशी मी डब्यात शेपू दिली होती. त्याला आवडत नाय, मला माहीत होतं. पण जुडी आणलेली, फुकट गेली असती… म्हणाला, आई, मी नाय खाणार हे. डबा टेबलावर ठेवून निघाला. मी लिफ्टपर्यंत धावत गेले नि बॅगेत कोंबला… साडेतीनला तिकडे कोसळला ना तो. उपाशी गेला गं पोरगा. माझ्या हट्टापायी.

नको, तू येऊ नकोस आता… अगं ऐक ना. फोन चालू ठेव फक्त. उघडते मी… स्पीकरवर टाकते.

बाईंनी विळी पुढ्यात ओढली, खोक्याची चिकटपट्टी कापली.

चार्जर आहे… स्वेटर, एसीत घालायचा तो… कप. कान तुटलाय… वही आहे एक… हां. डबा आहे.

नाय, जड नाय. हलका लागतोय… अगं उघडतेच आहे. झाकण घट्ट बसलंय… निघालं.

वैशाली…

रिकामा आहे… नाय, कुणी टाकून नाय दिलं. धुतलेलासुद्धा नाय. तेल वाळलंय कडेला… आणि झाकणात मिरच्या आहेत. सुक्या, लाल. तीन… हो ना! वेचून काढायचा ना तो एकेक… शेपूतल्याच. मी मोजून घातल्या होत्या तीन… सगळी भाजी खाल्ली त्यानं. पुसून खाल्ली. मिरच्या तेवढ्या ठेवल्या.

जेवला होता गं. जेवून गेला.

आहे, आहे मी… हो, ऐकतेय… वाजले सहा? थांब हं… घातला खोका. पुरतोय उंचीला… हो, सकाळी आठला काढते, विसरत नाय.

तू ठेव आता फोन… नाय गं, बरी आहे. मला रडायला येतंय… येऊ दे की. दहा महिने येतच नव्हतं… ठेव. ठेव ना गं.