वहीतलं नावाचं पान

(यॉर्कशायर, अठराव्या शतकाचा उत्तरार्ध. जमीनदार हॉल्टबींचा दिवाणखाना, दुपार. कोपऱ्यात हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं वाद्य; त्याच्या झाकणावर फुलदाण्या. मिसेस हॉल्टबी, घरात नवी आलेली सून, मुलगा गिल्बर्टची बायको आराबेला आणि लग्नाची मुलगी लेटिशिया.)

मिसेस हॉल्टबी : पहिलं पान तेवढं काप. अगदी शिवणीला लागून, म्हणजे कळत नाही.

आराबेला : त्या पानावर माझं नाव आहे, आईसाहेब.

मिसेस हॉल्टबी : म्हणूनच कापायचं. सर अँब्रोज लेटिशियाला बघायला, जेवायला येताहेत. ही गाण्यांची वही लेटिशियाची म्हणून हार्प्सिकॉर्डवर ठेवू, फुलदाण्यांच्या शेजारी. वा, काय अक्षर! वा, काय चिकाटी! पुरुषांना आणखी काय कळतं?

लेटिशिया : आणि गा म्हणाले तर? माझा आवाज म्हणजे घसा बसलेला कावळा.

मिसेस हॉल्टबी : सर्दी झालीय म्हणायचं.

आराबेला : लहानपणापासून लिहितेय मी ही. पाच टोकांच्या लेखणीने सुरांसाठी पाच-पाच रेघा ओढायच्या, मग सूर, मग शब्द. मावसबहीण लंडनहून नवं गाणं घेऊन आली की ती परत निघायच्या आत उतरवून घ्यायचं. थंडीने बोटं वळायची नाहीत...

मिसेस हॉल्टबी : आणि उतरवलंस काय? मेंढपाळणींचे उसासे! ओढ्याकाठी बसून 'हाय रे सख्या' करणारी मेंढपाळीण पाहिलीस कधी? आपल्या मेंढवाड्यात जाऊन बघ. गुडघाभर चिखलात उभी राहून शिव्या हासडत असते.

आराबेला : गिल्बर्टना आवडली होती ही गाणी.

मिसेस हॉल्टबी : गिल्बर्टला! तुझं गाणं ऐकून पहिल्यांदा घरी आला ना, तेव्हा बूट काढता काढता काय म्हणाला, सांगू? "आई, नदीवरची पाणचक्की तिच्याबरोबर येते ना, नीट चौकशी कर."

आराबेला : असं म्हणाले?

मिसेस हॉल्टबी : त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे? चक्की चांगली चालते.

आराबेला : मग वही कशाला? लेटिशियाच्या हुंड्याचा कागदच ठेवा फुलदाण्यांशेजारी. सर अँब्रोज तालासुरात वाचतील.

लेटिशिया : वा, वहिनी!

मिसेस हॉल्टबी : दात काढू नकोस. कसला हुंडा? तुझ्या बापाने सगळा शर्यतीच्या घोड्यांच्या शेपटांना बांधला. सूनबाई, जिच्यापाशी चक्की असते तिचं गाणं हौसेचं, नसते तिचं पोटासाठी. मासा मिळाला की गळ पुसून पुढचीच्या हातात द्यायचा. मी नाही दिला?

लेटिशिया : तू? तुझी वही होती?

मिसेस हॉल्टबी : तुझ्या आजीने दिली ती प्रिसिला आत्याला. नावाचं पान कापून. आत्याला पाद्री मिळाला, काम झालं. पुढे तिच्या स्वयंपाकिणीने पानं पाईच्या ताटल्यांच्या तळाशी घातली.

आराबेला : आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?

मिसेस हॉल्टबी : कुणाशी बोलू, पाईशी?

आराबेला : पुन्हा कधी गायलात?

मिसेस हॉल्टबी : लग्न झालेली बाई कशाला गाते? मी या घरात आले आणि सासूने हार्प्सिकॉर्डच्या झाकणावर फुलदाण्या मांडल्या. मध्ये या कार्टीच्या शिकवणीसाठी उतरवल्या होत्या. गुरुजी पळाले, पुन्हा मांडल्या.

आराबेला : ती कात्री द्या इकडे.

लेटिशिया : वहिनी, नको गं! मला नको ती वही, पान कापू नकोस!

आराबेला : कापत नाहीये. खिशात ठेवतेय. वही हवी तर माझ्या नावासकट राहील. लेटिशिया, तू पानं उलट. गाईन मी.

मिसेस हॉल्टबी : पाहुण्यांसमोर? अख्खा परगणा हसेल! आणि काय गं शहाणे, गाणं ऐकायचं तुझं आणि मागणी घालायची हिला, असं कुठे झालंय का?

आराबेला : झालंय की. गिल्बर्टनी ऐकलं माझं गाणं आणि मागणी घातली पाणचक्कीला.

लेटिशिया : आई? आई, रागावलीस?

मिसेस हॉल्टबी : त्या फुलदाण्या उचल तिथून. आणि झाकण हळू उघड, डावी बिजागरी करकरते.