दुसरी गाडी कोणाची?

(शारजातलं कोकणी हमीदभाईंचं टायरचं दुकान. जुनी पजेरो जॅकवर चढवलेली.)

आत्माराम : हमीदभाई, तुम्ही हिचं ऐकू नका. साधे हायवेचे टायर लावा. आवाज नाही, धक्का नाही. गाडीत बशीतून चहा प्यावा.

अंतरा : बाबा, गाडीत बशी कोण नेतं?

आत्माराम : बोलायची पद्धत असते ती. तू राहतेस इंटरनॅशनल सिटीत, नोकरी जबल अलीला. मधे सगळा डांबरी रस्ता. ते दातेरी टायर लावून काय वेअरहाउस नांगरायचंय?

हमीद : नांगरायचे ते हे इकडचे, भाव. मडचे, चिखलातले. रस्त्यावर गुरगुरतात नि वाळूत गेले की स्वतःच खड्डा खणून बसतात. पोरगी मागतेय ते मधले, ऑल-टेरेन. डांबरावर चालतील, डोंगरात चालतील, वाळूत पण चालतील.

आत्माराम : म्हणजे सगळीकडे थोडं थोडं. आमच्या एचआरसारखं.

अंतरा : पुढच्या महिन्यात तुम्ही रिटायर होऊन मिरजेला जाणार, गाडी माझ्या नावावर होणार. मग टायर कोणते ते मी ठरवू नको?

आत्माराम : गाडी देतोय तर थोडी अक्कल पण देऊ दे की. एवढी वर्षं रुवैसला रिफायनरीत काढली, चहूकडे वाळूच वाळू. एकदा तरी चाक डांबरावरून खाली उतरवलं का मी?

अंतरा : तेही फोर बाय फोर घेऊन! आई म्हणते, वाघ पाळला आणि जन्मभर वरणभात घातला.

आत्माराम : तुझी आई मिरजेत बसून माझा उद्धार करत असते.

हमीद : भाव, जरा इकडे बघा. मागचं चाक काढलं, तर रिममधून ही वाळू. पावशेर तरी असेल.

आत्माराम : वाळू? ही गाडी तर कधी... अंतरा?

अंतरा : इथे वारा किती असतो, बाबा.

आत्माराम : वाऱ्याने पावशेर? हमीदभाई, हसू नका.

हमीद : हसत नाय. खोकला झालाय.

आत्माराम : वर्षभर गाडी तुझ्याकडे ठेवली ती ऑफिसला जायला. वाळूत घातलीस?

अंतरा : शनिवारी. मलैहाच्या बाजूला. कधीतरी.

आत्माराम : एकटी?

अंतरा : चिडू नका ना.

आत्माराम : चिडलो नाहीये, घाबरलोय! वाळूत एकच गाडी न्यायची नसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अडकलीस, फोनला रेंज नाही, पाणी संपलं, मग? आणि मी तिकडे मिरजेत. खरं सांगू? तिकीट काढल्यापासून डोक्यात एकच भुंगा आहे, की ही पोर इथे एकटी राहणार. म्हणून हायवेचे टायर. निदान रस्ता सोडणार नाहीस.

अंतरा : एकटी नव्हते, बाबा. दोन गाड्या होत्या.

आत्माराम : दुसरी गाडी कोणाची?

अंतरा : ग्रूप आहे आमचा.

आत्माराम : दोन गाड्यांचा ग्रूप?

हमीद : मी जरा चहा सांगून येतो.

अंतरा : हमीदचाचा, तुम्ही कुठेही जायचं नाही.

आत्माराम : ग्रूपला काही नाव असेल ना?

अंतरा : प्रणव.

आत्माराम : छान. ग्रूपचं आडनाव?

अंतरा : कारखानीस. अबू धाबीतच वाढलाय. मराठी चांगलं बोलतो, फक्त वीसच्या पुढचे आकडे इंग्लिशमध्ये.

आत्माराम : आईला माहीत आहे? ...नखं बघायला लागलीस म्हणजे माहीत आहे. वा! बातमी मिरजेला पोचली, रुवैसला तेवढी नाही पोचली.

अंतरा : सांगणारच होते. भीती वाटत होती. तुमच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाहीये, बाबा. आणि त्याला सोडायचंही नाहीये.

आत्माराम : गाडी कशी चालवतो?

अंतरा : रस्त्यावर एकदम सभ्य.

आत्माराम : आणि वाळूत?

अंतरा : वाळूत... अडकतो.

आत्माराम : कितीदा?

अंतरा : दर वेळी. यल्ला म्हणून जोरात निघतो, टेकाडाच्या माथ्यावर पोचतो आणि तिथेच बसतो.

हमीद : मडचे टायर असतील, बघा.

अंतरा : मडचेच आहेत, चाचा. दिसायला भारी वाटतात म्हणाला.

आत्माराम : मग त्याला बाहेर कोण काढतं?

अंतरा : मी. पट्टा लावते आणि ओढते.

आत्माराम : मुलीने ओढलं म्हणून तोंड पाडत नाही?

अंतरा : छे! उतरून टाळ्या वाजवतो. आजूबाजूच्या गाडीवाल्यांना हाका मारून सांगतो, बघितलंत का, हिने काढली!

आत्माराम : हं.

अंतरा : हं म्हणजे काय, बाबा?

आत्माराम : हमीदभाई, ते हायवेचे आत ठेवून द्या. मधले आणा. त्यातले सगळ्यात चांगले.

हमीद : आता कसं काय बदललं मन, भाव?

आत्माराम : हिला ओढायचं काम असतं हो दर शनिवारी. अंतरा, त्याला फोन कर. म्हणावं, या शनिवारी बाबा तुझ्या गाडीत बसणार आहेत.

अंतरा : त्याच्या गाडीत? अहो, अडकाल!

आत्माराम : अडकू दे की. तू आहेस ना.