पिठातलं पाऊल

नाशिकच्या स्टँडवर सिन्नरची बस अजून हलली नव्हती. पुढच्या बाकावर सिनेमा पाहून आलेली एक आत्या आणि तिची कॉलेजातली भाची बोलत होत्या.

“भागे, ती आई किंचाळली कशापायी?”

“अगं, मेलेल्या पोराचं पाऊल पिठात उमटलं ना! सगळं थेटर किंचाळलं. एक तूच गप्प.”

“पीठ तिनंच पसरलं होतं ना? बोलावलं, अन् आल्यावर किंचाळली. लय येडी बाई.”

“आत्या, भूत होतं ते.”

“पोरगं होतं तिचं.”

“बरं बाई, पोरगं.”

“माझ्या सनीच्या दहाव्याला आपणबी पीठ पसरून दिवा ठेवला, वर टोपलं झाकलं. सकाळी पीठ जसंच्या तसं.”

“रडायचं नाही असं ठरलं होतं हं.”

“रडत नाय गं, इचारते. तिनं पीठ पोराच्या खोलीत पसरलं. आपण वसरीत. सनी कधी वसरीत निजला का?”

“नाही. मळ्यातल्या खोलीत निजायचा, झेंडूच्या क्रेटांपाशी.”

“मग तो तिकडंच आला असंल तर?”

“त्या खोलीची किल्ली बाबांनी लपवलीय. तू तिथंच बसून राहतेस म्हणून. कुठे, ते मला ठाऊक आहे.”

“मग आजच जाऊ.”

“आणि उमटलं पाऊल, तर भ्यायची नाहीस?”

“त्या पायांना न्हाऊ घातलंय म्या. त्यांना काय भ्यायचं?”

“आणि नाही उमटलं तर?”

“तर उद्या जरा बारीक चाळून पसरीन.”