कर्टिसची टाळी

कस्तुरी : तुमच्या कमिटीने माझ्या बाबाला मारलंय. भर हॉलमध्ये, माइकवरून. आणि मारून झाल्यावर आता बटाटेवडे वाटताय!

नीना : अगं कस्तुरी, हळू! पडद्यापलीकडे मिल्टन कीन्सचं अख्खं मराठी मंडळ बसलंय. मध्यंतर वीसच मिनिटांचं आहे, तू आधी पाणी पी.

कस्तुरी : नीनाताई, तुम्हीच वाचलंत ना स्टेजवर? परत वाचा. कागद आहे तुमच्या हातात.

नीना : मी नुसती निवेदिका गं. पाहुण्यांचा परिचय कमिटीकडून टाइप होऊन येतो. सेक्रेटरींची सही झाली की त्यातला शब्द हलवायचा नाही, ही मंडळाची पद्धत.

कस्तुरी : वाचा.

नीना : 'अमेरिकेच्या सुप्रसिद्ध गीतकार-गायिका कस्तुरी वेल्स. वडील कैलासवासी कर्टिस वेल्स यांचं छत्र बालपणीच हरपलं. पुढे नागपूरच्या आजोबांनी संगीताचं बाळकडू...'

कस्तुरी : बास. कैलासवासी तिसऱ्या रांगेत बसलाय. निळा ब्लेझर, पांढरी दाढी. माझ्यासोबत क्लीव्हलंडहून आलाय. एडिनबरा, केंब्रिज, प्रत्येक शोला पहिला येऊन बसतो. मराठी त्याला येत नाही, पण स्वतःचं नाव कळतं. नाव ऐकलं आणि उठून टाळ्या वाजवल्या त्याने. हॉल च्च च्च करतोय आणि तो एकटा टाळ्या वाजवतोय!

नीना : अगं बाई! ते तुझे वडील? मला वाटलं मॅनेजर. अहो उल्हासराव, असे उभे काय? बोला ना काहीतरी!

उल्हास : क्लेरिकल चूक आहे. न्यूजलेटरमध्ये दुरुस्ती टाकू. आणि कस्तुरी, वडिलांना असं 'तो तो' करू नये. आपल्यात नाही शोभत.

कस्तुरी : जिवंत आहे म्हणून 'तो' म्हणते. मान द्यायला त्याला मारायला नाही लागत मला. आणि क्लेरिकल? उल्हासमामा, तुम्ही सेक्रेटरी आत्ता झालात. माझ्या आईचे सख्खे भाऊ जन्मापासून आहात.

नीना : सख्खे? मला तर 'आमच्या नागपूरकडची मुलगी' एवढंच सांगितलंत!

उल्हास : नीनाबाई, बाहेर जाऊन रॅफलची सोडत सुरू करा.

नीना : नाही करत. माझ्या तोंडून जिवंत माणूस मारलात, आता त्याच तोंडाने टोस्टरचा नंबर पुकारू?

उल्हास : मग ऐका. हॉलमध्ये नागपूरची तीन घरं आहेत, आमच्याच गल्लीतली. शशीकाकू आहेत. हिची आई, यमुना, दर वर्षी नागपूरला एकटी यायची, लेकीला घेऊन. लोक विचारायचे, जावई कुठे? परदेशी जावई सांगायची लाज, म्हणून आमच्या वडिलांनी एकदा सांगून टाकलं, गेले. तीस वर्षं तेच चालत आलंय. आज ते नाहीत. त्यांच्या माघारी त्यांना मी खोटं पाडू?

कस्तुरी : म्हणजे मेलेल्याची अब्रू राखायला जिवंत माणूस मारायचा. छान हिशेब आहे.

उल्हास : तुझी आई तयार होती त्याला! मंगळसूत्र तिने स्वतः काढलं होतं.

कस्तुरी : एअरपोर्टवर काढलं. पर्स तुम्ही उघडून धरली होती, मामा. मी सहा वर्षांची होते, तुमच्या गुडघ्याजवळ उभी होते. मग हळदीकुंकवाला बायका आल्या की आई मागच्या खोलीत. मी विचारलं, तू का नाही जात? ती म्हणाली, माझं डोकं दुखतंय. दर वर्षी दुखायचं.

उल्हास : झालं ते झालं. यमुनाही आता नाही.

कस्तुरी : ती खरी गेली तेव्हा तुमच्याकडून दोन ओळी नाही आल्या. खोट्या मरणाला मात्र परिचय लिहिता! आणि बाळकडू कसलं? आजोबांनी मला त्या घरात तोंड उघडू दिलं नाही. 'बापाची गाणी इथे नकोत.' गिटार बाबाने शिकवली. सिटी बस चालवायचा तो. शाळा सुटली की मी त्याच्या मागच्या सीटवर, तिकिटांच्या पाठीवर गाणी लिहीत. शेवटच्या स्टॉपला इंजिन बंद करून म्हणायचा, वाच. आणि मग, यात खोटी ओळ कुठली? ती मी खोडायचे. नंतर बारा वर्षं बारमध्ये गायले, समोरचे टीव्हीवर मॅच बघायचे. नॅशव्हिलमध्ये एका रेकॉर्ड कंपनीवाल्याने सांगितलं, तुझा चेहरा एकीकडचा, आवाज दुसरीकडचा, विकू काय? त्या बारा वर्षांत हा माणूस रजा टाकून माझ्या गिटारचा अँप्लिफायर उचलायला येत होता. अवॉर्ड त्याच गाण्यांना मिळालं. तुमच्या कागदात काय उरलं? अवॉर्ड आणि आजोबा.

उल्हास : अवॉर्ड मिळेपर्यंत तुला तरी कोण ओळखत होतं आमच्यात!

नीना : उल्हासराव!

कस्तुरी : बोलू द्या, नीनाताई. आज पहिली खरी ओळ आली. मामा, माइकवर जाऊन तुम्ही सांगा, माझा मेहुणा जिवंत आहे, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. तुम्ही सांगितलंत तर मी गाते. नाहीतर गिटार केसमध्ये आणि आम्ही दोघं हॉटेलवर.

उल्हास : चारशे लोकांसमोर? शशीकाकूंसमोर? ते मला जमणार नाही.

(दारावर टकटक.)

नीना : कोण? ... कस्तुरी, तुझे बाबा आहेत. दोन कप चहा घेऊन आलेत. विचारतायत, यमुनाचा भाऊ इथेच आहे ना. एक कप त्यांच्यासाठी आहे म्हणे.

उल्हास : त्यांना सांग, मी... मी स्टेजच्या गडबडीत आहे.

कस्तुरी : खोटी ओळ मी म्हणत नाही. नीनाताई, दार उघडा. मामा, मध्यंतर होताच त्याने मला एकच प्रश्न विचारला, मी म्हटलं, यमुनाचा भाऊ सांगेल. आता तो तुम्हाला विचारेल, त्याचं नाव आलं तेव्हा टाळी फक्त त्याचीच का होती? इंग्लिशमध्ये सांगा. त्याला कळेल असं सांगा.