आईचं रगात बोललं

म्या तामलवाडीचा. आमचं घर नाक्याला लागून. नाका म्हंजे निजामाच्या करोडगिरीचा, सोलापूरकडनं इकडं कुणी आलं की त्याचं गाठोडं, ट्रंक, पिशवी सगळं उघडायचं, जकात लावायची, आन मनात आलं तर तासभर उन्हात नुसतंच उभं करायचं. त्या नाक्याकडं बघत बघत म्या मोठा झालो, आन जुलूम कशाला म्हणत्यात ते मला पुस्तकात वाचावं लागलं न्हाय.

बाप म्या लहान असतानाच पटकीनं गेला. आई सुईण. यमुना तिचं नाव, पर सारं गाव आक्का म्हणायचं. तिचा उजवा हात, काय सांगू तुम्हाला, आडवं आलेलं लेकरू पोटावरनं चाचपून सरळ करायचा. आमच्याकडं लेकराचं पोट फुगलं की सुई तापवून पोटाला डाग द्यायची चाल हाय. आई जिथं बाळंतपणाला जाईल तिथं तसली सुई दिसली की उचलून पाण्याच्या घागरीत टाकायची. बायका शिव्या द्यायच्या, पर तिलाच बोलवायच्या.

तिसरीपातूर शिकलो, पुढं उर्दू आली, मास्तर मारायचा, सोडली शाळा. मंग चळवळीत गेलो. रातचं लिहायचं, दिवसा वाटायचं, निजामाच्या विरोधातली पत्रकं सदऱ्याखाली घालून मुरुम गावापर्यंत चालत गेलोय. आठ महिने घराकडं फिरकलो न्हाय. घर मामानं बघितलं, आईच्या सख्ख्या भावानं. हे लिहून घ्या, कारण पुढं सगळं ह्याच्यावरच अडलं.

म्या परत आलो तवा आई अंथरुणात. दळताना एका बाजूला कलली, उजवं अंग गेलं आन वाचा गेली. गाव म्हणायचं अंगावरनं वारं गेलं. दार-खिडकी बंद करून ठेवलेली, आत धूर, आन आई माझ्याकडं बघून तोंड वाकडं करून आ आ करायली. तिला सगळं समजत हुतं. डोळ्यात दिसत हुतं की समजतंय.

सोलापूरचा एक डॉक्टर दर मंगळवारी मोटारीनं तुळजापूरला जायचा. नाक्यावर त्याची औषधाची पेटी दरवेळी उघडायचे, एकेक बाटली उन्हात धरून बघायचे, तास जायचाच. म्या जाऊन हात जोडले. डॉक्टर म्हणाला, चल, ह्या लोकांना बाटल्या मोजू दे, तोवर तुझी आई बघतो. पहिलं त्यानं खिडकी उघडायला लावली. मंग तिच्या डाव्या हातातनं रगात काढलं, गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळलं, आन बारीक काचेच्या नळीत भरून नळी लाकडाच्या घोडीत सरळ उभी केली. म्हणाला, आता तासभर ह्या नळीला कुणी हात लावायचा न्हाय.

तासाभरात लाल खाली बसतं आन वर पिवळं पाणी राहतं. म्या बोट लावून बघितलं, वर दीड बोट पिवळं. डॉक्टर म्हणाला, मेंदूची नस तुंबली, तिथं इजा झाली, त्याचा दाह अंगात चाललाय, म्हणून रगात लवकर बसतंय. ही नळी रोग सांगत न्हाय, कुठं जळतंय तेही सांगत न्हाय, जळतंय एवढंच सांगते. कमी होत गेलं तर समजायचं शमतंय. तिला ह्या कुशीवरनं त्या कुशीवर वळव, बसवून जेवू घाल, मेलेला हात रोज हलव. ह्याला औषधाची बाटली न्हाय, टोचायची सुई न्हाय.

नाक्यानं दर मंगळवारी तास खाल्ला आन आमी तो तास वापरला. दुसऱ्या मंगळवारी पिवळं बोटभर. तिसऱ्याला त्याच्याहूनबी कमी. आन त्याच आठवड्यात, शनिवारी, आईच्या उजव्या हाताची दोन बोटं हलली. म्या वरडत बाहेर आलो. सगळी गल्ली गोळा झाली. आईच्या डोळ्यातनं पाणी.

तिथंच घात झाला. मामा बोटं बघून म्हणाला, वारं सुटायला लागलंय, जागचं हललंय, आता डाग दिला की बाहेर पडंल, थांबलं तर परत मुरंल. म्हातारी माणसं माना हलवायला लागली, व्हय व्हय, हीच येळ. बरी व्हायला लागली म्हणून डागायची! ऐका हे. पडून हुती तवा कुणी नाव काढलं न्हाय, बोट हललं तवा इस्तू पेटवला.

म्या म्हणालो, मामा, डॉक्टरला इचारू. मामा म्हणाला, तो तुझा डॉक्टर दर आठवड्याला रगात नेतो आन काचंकडं बघत बसतो, इलाज काय केला त्यानं? म्या म्हणालो, तरीबी नको. तवा मामा सगळ्यांम्होरं म्हणाला, आठ महिने कुठं हुतास रं? भिंतीला कागद चिकटवीत हुतास. तिचं हगणं-मुतणं माझ्या बायकोनं काढलं. आता आमाला शहाणपण सांगतोस? धर पाय.

आन म्या पाय धरले. निजामाच्या पोलिसाच्या काठीला न भ्यालेला म्या, एका टोमण्याला भ्यालो. आईच्या पायांवर बसलो. मामानं विळा गोवऱ्यांत लाल केला, मानंखाली एक, उजव्या खांद्यावर एक, पोटरीवर एक. ती नको म्हणू शकत न्हवती. डाव्या हातानं माझा सदरा धरून वढत हुती, सदरा फाटला. चर्र झालं, वास आला, आन एक म्हातारी म्हणाली, बघा, वरडली, म्हंजे जीव हाय त्या अंगात.

मामानं बजावलं, डॉक्टरला अवाक्षर बोलायचं न्हाय. चोळी घातली, वर घोंगडी टाकली.

मंगळवारी डॉक्टर आला. अंग तापलेलं. मामा म्हणाला, सर्दी हाय. डॉक्टरनं रगात काढलं, नळी उभी केली, चहा हातात घेतला. अर्धा तासबी झाला न्हवता, पिवळं सरसर वाढायला लागलं. तास झाला तवा चार बोटं. डॉक्टरनं कप खाली ठेवला. म्हणाला, उतरत आलेलं एकदम एवढं चढत न्हाय. ह्या आठवड्यात काय केलंत? मामा म्हणाला, काय न्हाय साहेब, देवाचा अंगारा लावला. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. म्या खाली बघितलं. मंग तो स्वतः उठला आन घोंगडी काढली.

खांद्याची जखम पिकली हुती.

मामाला तो काय बोलला न्हाय. मला म्हणाला, तू पत्रकं लिहितोस न्हाय का? बाईला तोंड न्हवतं, तुला हुतं. तिच्या रगतानं सांगितलं ते तुला सांगता आलं न्हाय.

सल्फाच्या गोळ्या दिल्या, जखमा म्या धुतल्या, पू काढला. ताप दीड महिना. नळी हळूहळू उतरली. बोटं परत हलली न्हाईत. म्या डॉक्टरला इचारलं, डागली नसती तर हात आला असता का? म्हणाला, खरं सांगू? नक्की सांगता येत न्हाय, येत हुता एवढं खरं. मामा हे वाक्य अजून सांगत फिरतो, डॉक्टरच म्हणाला नक्की न्हाय म्हणून.

आता निजाम गेला. नाका उठला, आमच्या सोबतच्यांनी गुलाल उधळला. म्या डाग देण्याच्या विरोधात पत्रक लिहिलं तर सोबतीच म्हणाले, हे घरगुती हाय, लोक दुखावतील, थांब जरा. कशाला थांबू? निजामाच्या माणसानं असा विळा लावला असता तर ह्याच लोकांनी गावोगाव सभा घेतल्या असत्या. म्या एकटा वाटतो. निजामाच्या राज्यात हीच माणसं माझं पत्रक पागोट्यात लपवायची, आता माझ्याम्होरं फाडत्यात. सास्तूरला एकानं चिलमीला लावलं. लावू द्या, परत लिहीन.

आई हाय. डाव्या हातानं जेवती. अडलेल्या बाईजवळ तिला अजून उचलून नेत्यात, ती मान हलवून दाखवती आन दुसऱ्या बाईकडनं करून घेती. अलीकडं तिला एक शब्द आलाय, स्पष्ट, नको. पयल्या दिवशी बोलली तवा तिलाच हसू आलं. डॉक्टर आला की डावा हात आपणहून म्होरं करती. मामा नारळ घेऊन आला, तिनं त्याच्याकडं बघून म्हणलं, नको. मामा नारळ घेऊन गेला. कधी म्या पाय चेपायला तिच्याजवळ बसतो, पायाला हात लावतो, तवाबी म्हणती, नको. राग न्हाय, हळूच म्हणती.

म्या लगेच उठतो.