फिकट कांगा

उकेरेवे बेटाच्या फेरीबोटीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एक दवाखान्यातली तरुण नर्स काबुला, दुसरी तिच्याच गावची म्हातारी सुईण न्यांजिगे. दोघी कांगा, म्हणजे इथल्या बायकांचं सुती कापड, नेसलेल्या.

"आजी, परवाची बाळंतीण हातची जात होती. रक्त किती गेलं ते मला कळलंच नाही."

"खाली काय अंथरलं होतंस?"

"तिचाच नेसायचा कांगा."

"रंग कुठला?"

"लाल."

"अगं बाई, लालावर लाल दिसणार कसं? नर्सिंगला शिकवतात तरी काय तुम्हाला?"

"तिथे रक्त मोजायची पिशवी होती. आमच्या दवाखान्यात तीन महिने आलेली नाही."

"माझ्याकडे जन्मात आली नाही. म्हणून तर सांगत होते, फिकट कांगे अंथरा. दुसरा भिजला की थांबायचं नाही, मोठं हॉस्पिटल गाठायचं. तू हसलीस."

"हसले खरी. पण काल दोन कांगे पाण्यात भिजवले आणि मापाच्या बादलीत पिळले. अर्धा लिटर भरलं. आमच्या पुस्तकातली धोक्याची खूण नेमकी तिथेच आहे."

"मग पुस्तक बरं आहे म्हणायचं."

"म्हणून तर तुम्हाला नेतेय. आज मोठ्या हॉस्पिटलच्या बैठकीत सगळ्या नर्स-डॉक्टरांपुढे तुम्हीच सांगायचं. पण आजी, रंगाचं तुमच्या लक्षात कसं आलं?"

"माझी धाकटी लेक लाल कांग्यावर गेली. बाळंतपणाला मीच होते."

"आजी... हे सांगाल तिथे?"

"फिकट अंथरा, एवढं सांगेन. चल, फाटक उघडलं."